आठवीचा जून

खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीचा निकाल लागला की गावातली शाळा संपते. पुढची शाळा दुसऱ्या गावात असते, बहुधा बाजाराच्या. तिथे पोहोचायला सायकल लागते, नाहीतर एसटी, नाहीतर पाय. तेरा वर्षांचं मूल जूनच्या मध्यात (विदर्भात उन्हामुळे थोडं उशिरा) एक दिवस त्या शाळेच्या फाटकातून आत जातं, आणि आपण सगळे गृहीत धरतो की चार-आठ दिवसांत ते रुळेल. पुष्कळशी मुलं रुळतातही. जी रुळत नाहीत त्यांच्याबद्दल मग 'पोरगा बुजरा आहे', 'हिचं अभ्यासात लक्ष नाही' असं बोललं जातं. माझं म्हणणं असं की यात मुलांच्या स्वभावाचा भाग फार थोडा असतो. नव्या शाळेत रुळण्यासाठी काही गोष्टी आधी कराव्या लागतात, काही पहिल्या आठवड्यात आणि काही गणपतीपर्यंत. त्या शाळेनं ठरवून केल्या तर बुजरं मूलही रुळतं.

आठवीच का, हे आधी सांगायला हवं. महाराष्ट्रातली जुनी फोड पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते आठवी हा एक सलग टप्पा मानला. त्यानुसार काही जिल्हा परिषद शाळांना आठवीचा वर्ग जोडला गेला, तिथली मुलं नववीत शाळा बदलतात. शहरांत अनुदानित शाळांची माध्यमिक शाखा पुष्कळदा पाचवीपासूनच असते, त्यामुळे तिथे हा बदल चौथीनंतर येऊन जातो. पण सातवी सुटली की हायस्कूल, हा क्रम अजून असंख्य गावांत तसाच आहे आणि हा लेख त्या मुलांविषयी आहे.

या मुलांची अडचण जुनीच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. संस्थेचं पहिलं हायस्कूल, साताऱ्याचं महाराजा सयाजीराव विद्यालय, निघालं १९४० मध्ये. आधी वसतिगृह, मग हायस्कूल. खेड्यातलं मूल गाव सोडून शिकायला निघालं की राहायचं कुठे, जेवायचं काय, बरोबर कोण हे प्रश्न पुस्तकाच्या आधी येतात, हे त्या क्रमातच दिसतं. आज बहुतेक मुलांना वसतिगृह लागत नाही, ती रोज ये-जा करतात. प्रश्नांचा क्रम मात्र बदललेला नाही.

आता मुलाच्या बाजूनं पाहू. सातवीच्या वर्गात पंधरा-वीस मुलं. कुठे कुठे सहावी आणि सातवी एकाच खोलीत. एकच गुरुजी किंवा बाई भाषा शिकवता शिकवता गणितावर येतात, उदाहरण अडलं तर इतिहास दुपारवर ढकलतात. त्यांना मुलाचं घर माहीत असतं, आजी आजारी आहे हे माहीत असतं, आईबाप ऊसतोडीला गेलेत हेही माहीत असतं. हायस्कूलमध्ये दिवसाचे आठ तास, प्रत्येक पस्तीस-चाळीस मिनिटांचा. घंटा झाली की शिक्षक बदलतात. तुकडीत साठ मुलं. विज्ञानाचे सर दिवसात पाच तुकड्यांवर जातात, म्हणजे अडीच-तीनशे चेहरे त्यांच्यासमोरून जातात. प्रत्येक शिक्षकाला मूल एक तास दिसतं, आणि पूर्ण दिवस ते कोणालाच दिसत नाही. सकाळी रडून आलेली मुलगी मराठीच्या तासाला गप्प, गणिताला गप्प, भूगोलाला गप्प. पण प्रत्येकाला वाटतं, आज आपल्याच तासाला गप्प आहे.

म्हणून पहिली गरज एका मोठ्या माणसाची, जो मुलाला सबंध दिवसाच्या हिशेबानं ओळखेल. शाळेत त्या जागेला नाव आहे, वर्गशिक्षक. प्रत्यक्षात वर्गशिक्षकाच्या वाट्याला हजेरी, फी, फॉर्म, आधार क्रमांक आणि प्रगतिपुस्तकं येतात. आठवीच्या वर्गशिक्षकाला पहिल्या महिन्यात कारकुनीतून थोडी मोकळीक द्यायला हवी आणि रोजचा पहिला तास त्यालाच मिळायला हवा. वेळापत्रक लावणाऱ्या शिक्षकांना हे जमवणं अवघड नसतं, आधी सांगितलं म्हणजे झालं.

तयारी सुरू होते एप्रिलमध्येच. हायस्कूलला आसपासच्या कोणत्या गावांतून मुलं येतात हे दरवर्षी ठरलेलं असतं. पाच-सहा शाळा. निकालाआधी हायस्कूलचे एक-दोन शिक्षक त्या शाळांत जातातही, पण पटसंख्या टिकवायची म्हणून. मुलं आपल्याकडे यावीत, शेजारच्या संस्थेकडे जाऊ नयेत म्हणून. जात आहातच, तर सातवीच्या गुरुजींजवळ अर्धा तास बसावं. गुण दाखल्यावर येतीलच. विचारायचं वेगळं: कोणाला फळ्यावरचं दिसत नाही? कोणाला एका कानानं कमी ऐकू येतं? कोण वाचताना अडखळतं पण तोंडी हुशार आहे? कोणाच्या घरी दिवाळीनंतर कोणी नसतं? कोण कोणाशिवाय राहत नाही, आणि कोणाला कोणाशेजारी अजिबात बसवू नये? एका कागदावर प्रत्येक मुलामागे दोन ओळी. सात वर्षं ज्यांनी मूल सांभाळलं त्यांचं ज्ञान त्या शाळेच्या कपाटात बंद होऊन जातं, याचं मला दरवेळी नवल वाटतं. एवढा कागद कोणत्याही पोर्टलवर मिळत नाही.

त्याच सुमाराला मुलांना एक दिवस हायस्कूल दाखवून आणावं. तेही शाळा भरलेली असताना. रिकामी इमारत पाहून काही कळत नाही. मोठी मुलं व्हरांड्यातून कशी चालतात, घंटा झाल्यावर काय गलका होतो, प्रयोगशाळेत काय असतं, हे भरल्या शाळेतच दिसतं.

मग कागद. शाळा सोडल्याचा दाखला ही गोष्ट पालक शेवटच्या दिवसावर ठेवतात आणि मग घाई होते. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार जुन्या शाळेनं दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. ऑनलाइन नोंद जुन्या शाळेकडून नव्या शाळेकडे वळवून घ्यावी लागते. नव्या शाळेनं मागायची, जुनीनं मान्य करायची. ते शिक्षकांचं काम, पण झालं का हे पालकांनी जुलैत एकदा विचारावं. त्याहून महत्त्वाचं दाखल्यावरचं नाव. मुलाचं, वडिलांचं, आईचं नाव, आडनावाचं लेखन, जन्मतारीख आणि जन्मस्थळ बरोबर आहे का, मुलाचं नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षर न् अक्षर जुळतात का, ते दाखला हातात घेतानाच वाचावं. हायस्कूलच्या जनरल रजिस्टरला जे चढेल तेच पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर येतं. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती तशी सोपी. शाळा सुटल्यावर त्याच एका वेलांटीसाठी हेलपाटे घालावे लागतात.

प्रवेश झाले की तुकड्या पडतात, आणि इथे शाळा बहुतेक वेळा फारसा विचार करत नाहीत. कुठे गुणांवरून अ, ब, क. कुठे हजेरीपटाच्या क्रमानं. गुणांवरून तुकड्या पाडल्या की 'क'मधल्या मुलाला पहिल्याच दिवशी शाळेचं आपल्याविषयीचं मत कळतं, आणि मग तो त्या मताला साजेसा वागू लागतो. ही पद्धत बंदच करावी. छोट्या गावातून आलेलं प्रत्येक मूल निदान एका ओळखीच्या चेहऱ्यासोबत एका वर्गात असावं. एका वाडीतून तीनच मुलं आली असतील तर तिघं तीन तुकड्यांत टाकणं म्हणजे तिघांनाही एकटं पाडणं. उलट एका मोठ्या गावची वीस मुलं एकत्र ठेवली तर त्यांची टोळी होते आणि बाकीचे पाहुणे ठरतात. दोघं-तिघं एकत्र, बाकी मिसळून, असा हिशेब बसवायला गुरुजींकडून आणलेला कागद उपयोगी पडतो.

सेमी इंग्रजीचा निर्णयही याच वेळी होतो. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून, अशी ती तुकडी. गावाकडच्या पालकांना ती प्रतिष्ठेची वाटते. मूल सातवीपर्यंत पूर्ण मराठीतून शिकलं असेल तर आठवीत त्याच्यापुढे एकाच वेळी दोन नव्या गोष्टी येतात. गणिताच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण परिमेय आणि अपरिमेय संख्यांचं. कल्पनाच नवी, तीही इंग्रजी शब्दांतून. ज्याला अपूर्णांक नीट येतात ते मूल यातून पार होतं, कारण त्याला फक्त शब्द शिकायचे असतात. ज्याला अपूर्णांकच डळमळीत आहेत, त्याला सेमीत टाकणं म्हणजे त्याचं गणित सुटू देणं. पालकांनी शेजाऱ्याकडे पाहून हे ठरवू नये. आणि शाळेनं सेमीची तुकडी उघडली असेल तर पहिले तीन आठवडे फळ्याच्या एका कडेला मराठी आणि इंग्रजी शब्द शेजारीशेजारी लिहिलेले राहू द्यावेत. वहीच्या मागच्या पानांवर मुलांनी तेच उतरवत जावं.

पहिला दिवस. सगळ्या शाळांत तो साधारण एकसारखा जातो: रांगा, प्रार्थना, परिपाठ, मुख्याध्यापकांचं लांबलेलं भाषण, त्यात शिस्त आणि दहावीचा निकाल. आठवीच्या मुलाला त्या दिवशी निकालाची चिंता नसते. त्याला कळायचं असतं की लघवीला कुठे जायचं आणि विचारून जायचं की घंटेची वाट पाहायची. पाणी कुठे. चप्पल वर्गाबाहेर काढायची की नाही. डबा कुठे बसून खायचा. सायकल कुठे लावायची, कुलूप नसेल तर चालेल का. सरांना 'गुरुजी' म्हटलं तर हसतील का. यातलं काहीही विचारायची लाज वाटते, म्हणून काही मुलं घरी जाईपर्यंत स्वच्छतागृहात जात नाहीत. मुली तर सर्रास. पाणीच कमी पितात. वर्गशिक्षकानं पहिल्या तासाला पुस्तक न उघडता मुलांना घेऊन शाळेला चक्कर मारावी. मुलींना एखाद्या मॅडमनं वेगळं न्यावं, स्वच्छतागृह दाखवावं, शाळेत पाळी आली तर पॅड कोणाकडे मागायचं ते नाव सांगावं. नाव सांगावं, 'ऑफिसमध्ये या' असं सांगू नये. ऑफिसात शिपाईमामा आणि क्लार्क बसलेले असतात. तेरा-चौदाव्या वर्षी पुष्कळ मुलींना पाळी नुकतीच सुरू झालेली असते किंवा याच वर्षात होते, आणि त्या चार दिवसांची गैरहजेरी हळूहळू सवयीची होते.

चकरेनंतर वेळापत्रक. मुलं ते वहीत उतरवतात आणि विसरतात. त्याचा उपयोग कसा करायचा ते दाखवावं लागतं. सातवीत सगळी वह्या-पुस्तकं रोज दप्तरात असायची. इथे आठ विषय रोज नेले तर पाठ मोडते आणि निवडून नेले तर नेमकी विज्ञानाची वही घरी राहते. पहिल्या आठवड्यात दिवसाच्या शेवटी पाच मिनिटं ठेवून 'उद्या काय आणायचं' हे वर्गानं एकत्र म्हणावं. बाळबोध वाटतं, पण वही विसरली म्हणून बाहेर उभं राहण्याची वेळ ज्याच्यावर पहिल्याच आठवड्यात दोनदा आली, ते मूल त्या विषयालाच घाबरतं.

गृहपाठाचा घोळ यापेक्षा मोठा. सातवीत एकच शिक्षक असल्यामुळे आज किती द्यायचं हे त्यांच्या डोक्यात असायचं. इथे इंग्रजीच्या मॅडम दोन पानं लिहायला देतात, गणिताचे सर एक सराव संच, इतिहासाचे सर प्रश्नोत्तरं, आणि एकमेकांनी काय दिलं हे कोणालाच ठाऊक नसतं. संध्याकाळी साडेसहाला एसटीतून उतरणारं, मग शेळ्या बांधणारं किंवा धाकट्या भावाला सांभाळणारं मूल हे सगळं करू शकत नाही. मग ते सर्वांत कडक शिक्षकाचं आधी करतं. वर्गात फळ्याशेजारी एक कागद चिकटवावा. ज्या शिक्षकानं गृहपाठ दिला त्यानं त्यावर एक ओळ लिहावी. पुढच्या तासाला येणाऱ्याला तो दिसतो. एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो, आणि त्याला खर्च काही नाही.

सोबती नेमण्याची पद्धत काही शाळांत आहे. नववीचा एक विद्यार्थी आठवीच्या दोन-तीन मुलांमागे. ती चांगली आहे, पण निवड चुकते. शिक्षक हुशार मुलं निवडतात. हुशार मुलगा पुष्कळदा कधी अडलेलाच नसतो, त्यामुळे अडलेल्याची अडचण त्याला समजत नाही. त्याच वाडीतून, त्याच बसनं मागच्या वर्षी आलेला, सुरुवातीला गोंधळलेला आणि आता सरावलेला मुलगा यापेक्षा बरा. मुलींना मुलगीच. त्यांचं काम ठरवून द्यावं: पहिले पंधरा दिवस बसथांब्यापासून शाळेपर्यंत बरोबर चालायचं, मधल्या सुट्टीत एकदा वर्गात डोकावायचं, आठवड्यातून एकदा वर्गशिक्षकाला दोन वाक्यांत सांगायचं. अभ्यास घ्यायचा नाही, शिक्षा करायची नाही, पाणी आणायला पाठवायचं नाही. हे तिसरं स्पष्ट सांगावंच लागतं.

प्रवासाची व्यवस्था शाळेच्या फाटकाबाहेरची म्हणून शाळा तिकडे पाहत नाहीत, पण मुलाचा दिवस तिथेच बिघडतो. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. मुलांना तिकिटाच्या साधारण एक तृतीयांश पैशांत. अलीकडे एसटीनं पास थेट शाळेत पोहोचवायला सुरुवात केली आहे, मात्र त्यासाठी शाळेनं मुलांची यादी आगाराला द्यावी लागते. ती यादी पहिल्या आठवड्यात गेली नाही तर मूल जुलैपर्यंत तिकीट काढतं किंवा घरी राहतं. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीतल्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत आहे. आठवीच्या वर्गशिक्षकानं हे पालकांना सांगितलं पाहिजे, कारण अर्ज शाळेतूनच जातो.

बस उशिरा आली तर मूल उशिरा येतं. त्याला फाटकाशी उभं करून काही साधत नाही. कोणत्या गावची बस किती वाजता येते याचा तक्ता फाटकावर बसणाऱ्या शिक्षकाकडे असावा. ती बस चुकवून आलेला आणि त्या बसनं आलेला यांत फरक करता आला पाहिजे. तसंच जादा तासाचं. पाचनंतरचा जादा तास गावातल्या मुलांसाठी असतो, बसच्या मुलांसाठी तो नसतोच. घ्यायचा असेल तर सकाळी घ्यावा.

जेवणाची एक बारीक गोष्ट. अनुदानित शाळेत पोषण आहार आठवीपर्यंत आहे. सहावी ते आठवीच्या मुलामागे रोज १५० ग्रॅम तांदूळ असा हिशेब. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळेच ओळीनं बसून जेवायचे, त्यात कोणाला काही वाटत नसे. हायस्कूलमध्ये नववी-दहावीची मुलं डबा आणतात आणि आठवी ताटली घेऊन बसते, तर काही मुलांना त्याची लाज वाटू लागते आणि ती उपाशी राहतात. आठवीचं जेवण आडबाजूला न ठेवता सगळ्यांच्या डब्यांबरोबर एकाच ठिकाणी असलं आणि एखाद-दोन शिक्षक तिथेच खिचडी घेऊन बसले, तर ही लाज आपोआप जाते. पुस्तकंही आठवीपर्यंतच मोफत मिळतात. नववीत ती विकत घ्यावी लागतात, हे पालकांना वर्षभर आधी कळलेलं बरं.

आता बोलण्याविषयी. बाजाराच्या गावात आणि वाडीत पाच-सात किलोमीटरचं अंतर असतं, पण भाषेत फरक पडतो. खानदेशात घरी अहिराणी, सातपुड्यात पावरी किंवा भिलोरी, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, कोकणात मालवणी. जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्गातल्या सगळ्यांची बोली एकच, म्हणून बोलताना अडत नव्हतं. हायस्कूलच्या वर्गात उत्तर द्यायला उभं राहिलं आणि घरचा शब्द तोंडात आला, की मागच्या बाकावरून हसू फुटतं. तो मुलगा पुन्हा हात वर करत नाही. हसणाऱ्यांना रागावणं हा उपाय अर्धा दिवस टिकतो. शिक्षकानं त्या उत्तरातला शब्द उचलून फळ्यावर लिहिला, 'याला तुमच्याकडे काय म्हणतात?' असं चार गावांच्या मुलांना विचारलं, तर हसण्याचा विषयच अभ्यासाचा होतो. भाषेच्या शिक्षकांना हे सहज करता येतं. गणिताच्या शिक्षकांनी निदान उत्तर बरोबर असेल तर आधी 'बरोबर' म्हणावं, शब्द नंतर दुरुस्त करावा.

चिडवण्यात गावाचं नाव असतं, आडनाव असतं, म्हणजे जात असते, रंग असतो, वडिलांचा धंदा असतो. शिक्षकांच्या खोलीत याला 'पोरांची मस्करी' म्हणतात. जातीवरून केलेली मस्करी पहिल्यांदा कानावर आली की त्याच दिवशी, त्याच वर्गात, स्पष्ट शब्दांत थांबवायची. दुसऱ्यांदा कानावर आली तर शाळेला ती चालते असं मुलं समजतात, आणि बरोबरच समजतात. शिक्षकांच्या बाजूनंही एक बंधन आहे: शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं मारणं आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. वर्गासमोर 'जिल्हा परिषदेतून आलात ना, दिसतंच' असं म्हणणं दुसऱ्या प्रकारात मोडतं. तक्रारपेटी कुठे आहे, मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीत कोणत्या मॅडम आहेत, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन कशासाठी असतो, हे पहिल्या आठवड्यात सांगून वर्गात लिहून ठेवावं.

अभ्यासाचं पहिल्या महिन्यात फार ताणू नये, पण तपासून घ्यावं. पायाभूत चाचणी होते तेव्हा तिचे गुण पोर्टलवर भरून फाईल बंद होते. त्या उत्तरपत्रिका वर्गशिक्षकानं आणि गणित-इंग्रजीच्या शिक्षकांनी एकत्र बसून पाहाव्यात. साठ मुलांत आठ-दहा मुलं अशी निघतात की ज्यांना परिच्छेद सलग वाचता येत नाही किंवा भागाकार येत नाही. त्यांना आठवीचं पुस्तक शिकवून उपयोग नाही. त्यांच्यासाठी रोज अर्धा तास वेगळा काढावा लागतो, आणि तो जुलैत काढला तर दिवाळीपर्यंत वाचन सुटतं. मे २०२३ च्या नियमबदलापासून आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापास ही दोन्ही परत आली आहेत: प्रत्येक विषयात साठपैकी २१ गुण हवेत, कमी पडले तर पुनर्परीक्षा, तिच्यातही कमी पडले तर पुन्हा आठवी. नवी शाळा आणि नापास होण्याची शक्यता एकाच वर्षात आल्यामुळे जुलैतला तो अर्धा तास आता पूर्वीपेक्षा मोलाचा झाला आहे.

हुशार पण गरीब मुलांसाठी याच वर्षात एक मोठी संधी असते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा, जिला सगळे एनएमएमएस म्हणतात. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतली आठवीची मुलं ती देऊ शकतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. परीक्षा बहुधा डिसेंबरात होते, म्हणजे तयारी जुलैत सुरू व्हायला हवी, नेमकी तेव्हा जेव्हा मूल अजून आपला वर्ग शोधत असतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढायला वेळ लागतो, तो जूनमध्येच काढून ठेवावा.

पालकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. संध्याकाळी घरी आलेल्या मुलाला 'अभ्यास दिला का?' हा पहिला प्रश्न विचारू नका. 'आज कोणाजवळ बसला होतास?' असं विचारा. उत्तरात रोज वेगळं नाव किंवा रोज 'कोणाजवळ नाही' असेल तर काहीतरी जमलेलं नाही. दुसरं, जुलैत एकदा शाळेत जा. कामाचा खाडा पडतो, हे खरं. बाजाराच्या दिवशी जा, तसंही गावात जायचं असतंच. वर्गशिक्षकाला तोंड दाखवा, फोन नंबर द्या. आई गेली तर आणखी चांगलं. मुली ज्या गोष्टी बापाला सांगत नाहीत त्या आईकडूनच शिक्षिकेपर्यंत जातात.

आणि हजेरीपट नीट वाचायला शिका, हे शिक्षकांना. एकूण टक्केवारी पाहून काही कळत नाही. दर सोमवारी गैरहजर असणारा मुलगा शनिवार-रविवारी कामाला जात असेल. शारीरिक शिक्षणाच्या तासाच्या दिवशी न येणाऱ्या मुलीकडे बूट किंवा गणवेश नसेल. एका ठरावीक विषयाच्या दिवशीच पोट दुखत असेल तर कारण त्या तासात आहे. सलग तीन दिवस मूल आलं नाही की चौथ्या दिवशी घरी फोन, फोन लागला नाही तर त्या गावच्या मुलाबरोबर निरोप, आणि आठवडा गेला तर वर्गशिक्षकानं स्वतः घरी जाणं. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घराचं मूल शाळेत परत आणणं फार कठीण असतं. ऑगस्टमध्ये आठवड्याच्या गैरहजेरीवर घरी जाणं त्या मानानं सोपं.

शाळांत पुढच्या वर्षाचे वर्गशिक्षक उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच ठरतात, आणि बहुतेक ठिकाणी आधी दहावीच्या तुकड्यांना शाळेतले जाणते शिक्षक दिले जातात. उरलेली नावं खाली घसरत घसरत आठवीपर्यंत येतात. दोन वर्षांनी दहावीला बसणारी मुलं तीच असतात. मुख्याध्यापकांना एवढीच विनंती, की या वर्षी ती यादी करताना आठवीच्या रकान्यातलं नाव सर्वांत आधी लिहा.